आज फक्त माप

सदरच्या त्या दुकानात कूलर होता,
पण ऐन मे महिन्यात त्यात पाणी नव्हतं.
काचेखाली तीन पिस्तुलं, दोन रिव्हॉल्व्हर,
भिंतीला माकडं हाकलायच्या छऱ्याच्या बंदुका,
आणि गल्ल्याशेजारी कोणाचा तरी जेवणाचा डबा.

"कोणासाठी?" ताहेरभाईंनी मला विचारलं.
उत्पला म्हणाली, "माझ्यासाठी. माझ्याशी बोला."

अंबाझरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली मी.
तोफगोळ्याची कवचं लेथवर फिरवली,
केसाच्या निम्म्यानं चुकलेलं माप बोटाला कळायचं.
वाटलं होतं, पोरीला हत्यार निवडून द्यायला
अख्ख्या नागपुरात माझ्याहून लायक बाप कोण?
आणि तिथं उभा राहून मी विचारत होतो,
मूठ पांढरी मिळेल का,
जसं कोणी सायकल घेताना विचारतं.

"मूठ मग. आधी हात दाखवा बेटा."
त्यांनी तिचा पंजा उलटसुलट पाहिला,
ज्योतिष्यासारखा नाही, चपला विकणाऱ्यासारखा.
"बोटं आखूड आहेत. पिस्तुलाची स्लाइड ओढताना
भल्याभल्यांचं मनगट हलतं.
बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घ्या.
एक गोळी नाही उडाली तर पुन्हा घोडा दाबायचा, बस.
मिळेल लायसन्स आल्यावर. आज फक्त माप.
पर्समध्ये ठेवाल?"

"पर्स तर तो आधी ओढेल."

तो.
दुकानात आम्ही तिघंच होतो,
आणि हा चौथा
कूलरच्या कोरड्या वाऱ्यात येऊन उभा राहिला.

मिहानमधून ती रात्री दीडला सुटते.
वर्धा रोडला एक गाडी मागं लागते,
पुढं जात नाही, हॉर्न देत नाही,
नरेंद्रनगरच्या पुलाखाली दिवे विझवते.
मला हे तीन महिन्यांनी कळलं.
तिच्या आईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं,
जसं सातवीत, स्टार बसमधून जायला लागली तेव्हा,
तिच्या ओढणीला आतून लावलेली पिन
फक्त त्या दोघींना माहीत होती.
आमच्या घरात हत्यारं
बाप ड्यूटीवर असताना वाटली गेली.

तिनं रिव्हॉल्व्हर उचललं. रिकामंच होतं,
तरी बोट घोड्याच्या बाहेर, सरळ.
हे तिला कोणी शिकवलं?
"जड आहे," ती म्हणाली. आणि मग,
"बाबा, तुम्ही कधी चालवली?"
"आम्ही नुसतं कवच बनवायचो. दारू दुसरीकडं भरत."
ती हसली. मला मात्र ते उत्तर
घरी पोचेपर्यंत खिशात टोचत राहिलं.

आयुक्तालयात कारकुनानं
'कारण' लिहिलेल्या रकान्यावर पेन टेकवला.
"काही घटना झाली का?"
"नाही."
"एफआयआर?"
"नाही."
"मग काऊन पाहिजे मॅडम? काही झालं की या."

घरात प्रमाण बोलणारी माझी पोरगी,
एमएस्सीला पहिली आलेली, म्हणाली,
"झाल्यावर कोण येईन इथं? मी, का माहा बाप?"

कारकुनानं पेन उचलला नाही.
लिहिलंही नाही काही, बराच वेळ.

फाइल आता पडताळणीत आहे.
चार महिने लागतील म्हणतात, किंवा नाहीच मिळणार.
एक हवालदार येऊन गेला, चहा घेतला,
शेजारच्या गजभियेंना विचारून गेला,
मुलगी कशी आहे, रात्री कितीला येते.
आता हे गल्लीलाही माहीत.

तिनं इतवारीतून लोखंडी पेटी आणली,
ठेवायची तर कुलुपात, असा नियम आहे म्हणून.
चावी तिच्या गाडीच्या चावीला अडकवली.
मी म्हटलं, दुसरी मला दे.
"नाही, बाबा."

काल रात्री झोप नव्हती, पेटी उचलून पाहिली.
रिकामीच असणार.
तिरपी केली तर आत काहीतरी बारीक वाजलं,
पातळ, तारेसारखं.
परत हलवून पाहिली नाही.
फाटकाचा दिवा लावला.
पावणेदोन व्हायला आले होते.